पाण्यात चालणारा कुत्रा बरा होतो, पण नक्की कशाने?

तुम्ही तो व्हिडिओ बहुतेक पाहिलेला असणार. काचेची मोठी टाकी, तळाशी पट्टा फिरतोय आणि पोटापर्यंतच्या पाण्यात एक लॅब्रॅडॉर अतिशय गंभीर चेहऱ्याने चालतोय. समोर कोणीतरी पीनट बटर लावलेला चमचा धरून उभं. याला अंडरवॉटर ट्रेडमिल म्हणतात. दुखापत, शस्त्रक्रिया किंवा संधिवातानंतर कुत्र्यांना देतात त्या हायड्रोथेरपीचा हा आज सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार.

माझ्या पीएचडीच्या प्रपोजलचा पहिला मसुदा याच विषयावर होता. त्यात एक वाक्य होतं: 'खुब्यापर्यंतच्या पाण्यात चालताना कुत्र्याच्या पायांवरचा भार ६२ टक्क्यांनी कमी होतो, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर हायड्रोथेरपी उपयुक्त ठरते.' गाईडनी पेन्सिलने 'चालताना' या शब्दाभोवती एक गोल केला, 'त्यामुळे'भोवती दुसरा, आणि कागद परत दिला. बोलले काहीच नाहीत. त्या दोन गोलांचा अर्थ लागायला मला तीन आठवडे लागले. तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसलात की हेच दोन खड्डे तुमच्याही वाटेत येणार आहेत, विषय कुत्रा असो की कापूस. म्हणून ते तीन आठवडे इथे जसेच्या तसे मांडतेय.

आधी दुखणं काय ते बघू, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी राहील.

कुत्र्याच्या मागच्या पायाचा गुडघा आतून आपल्यासारखाच असतो, फक्त तो उभं असतानाही वाकलेला असतो. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना बांधून ठेवणारी दोन लिगामेंट्स आत फुलीसारखी एकमेकांना छेदून जातात. त्यातलं पुढचं तुटलं की पाऊल टेकवताक्षणी नडगीचं हाड पुढे घसरतं. क्रिकेटपटूचं एसीएल मैदानावर एका झटक्यात तुटतं. कुत्र्यात मात्र बहुतेक वेळा ते हळूहळू झिजत आलेलं असतं आणि एक दिवस अंगणात साधी उडी मारताना सुटतं. यावरच्या शस्त्रक्रियांमधली एक गाजलेली म्हणजे टीपीएलओ. नडगीच्या हाडाचं वरचं टोक कापून, फिरवून, त्याचा उतार कमी करायचा आणि प्लेट बसवायची. बार्कले स्लोकम या अमेरिकन सर्जनने ती १९९३ मध्ये मांडली.

शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी खरा पेच त्यानंतरच सुरू होतो. पाय वापरला नाही तर मांडीचा स्नायू आटत जातो आणि सांधा आखडतो. फार लवकर, फार जोरात वापरला तर कापलेल्या हाडावर आणि प्लेटवर ताण येतो. माणसाला सांगता येतं, 'अर्धाच भार टाका.' कुत्र्याला कसं सांगणार? तो एकतर पाय उचलून तीन पायांवर फिरतो, नाहीतर बेल वाजली की चारही पायांवर दाराकडे धावत सुटतो. पाणी हे त्याला 'अर्धाच भार टाक' असं सांगण्याचं साधन आहे. कल्पना इतकी सरळ आणि सुंदर आहे, की त्यामुळेच ती तपासायची राहून जाते.

पहिला गोल

विहिरीतून कळशी ओढून काढली असेल तर प्लावक बल वेगळं शिकवायला नको. भरलेली कळशी पाण्याच्या आत आहे तोवर हलकी लागते आणि पृष्ठभागाच्या वर आली की एकदम हाताला ओढ बसते. बुडालेली वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार तिला मिळतो. आर्किमिडीजचा नियम, नववीचा.

कुत्र्याच्या बाबतीत हा आधार नक्की किती, हे लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी मोजलं. अमेरिकन जर्नल ऑफ व्हेटरिनरी रिसर्चमधला २०१० चा पेपर. पाणी मागच्या पायाच्या घोट्यापर्यंत असताना जमिनीवर पडणारा उभा भार ९ टक्क्यांनी घटला, गुडघ्यापर्यंत असताना १५ टक्क्यांनी, आणि खुब्यापर्यंत असताना ६२ टक्क्यांनी.

हे आकडे वाचून पुढे जाऊ नका. थांबा आणि ३० किलोच्या कुत्र्यासाठी करून बघा. घोट्यापर्यंत पाणी: सुमारे २७ किलोचा भार. गुडघ्यापर्यंत: साडेपंचवीस. खुब्यापर्यंत: साडेअकराच्या आत. घोट्यावरून गुडघ्यापर्यंत पाणी वाढवलं तर जेमतेम दोन किलो कमी झाले, आणि गुडघ्यावरून खुब्यापर्यंत वाढवल्यावर एकदम चौदा. असं का?

कागदावर कुत्रा काढा, पेन्सिलीने कसाही चालेल. घोटा ते गुडघा या पट्ट्यात काय आहे? चार काटक पाय. त्यांचं आकारमान ते किती! पण खुब्याच्या पातळीवर रेघ मारलीत तर पोट आणि छातीचा बराचसा भाग तिच्या खाली जातो. म्हणजे उंची थोडी वाढली तरी बुडणारं आकारमान कितीतरी पटींनी वाढतं. याचा व्यवहारातला अर्थ साधा आहे: ज्याला भार कमी करायचा आहे, त्याने गुडघ्यापर्यंत पाणी भरून फारसं काही मिळवलेलं नाही. ऑपरेशन झालेला गुडघा पाण्याखाली गेला म्हणजे काम झालं, अशी आपली सहज समजूत होते. माझीही झाली होती.

आता त्या पेपरची मेथड्स. (मी पहिल्यांदा फक्त ॲबस्ट्रॅक्ट वाचलं होतं, हे इथे कबूल करते.) कुत्रे निरोगी होते. आणि ते उभे होते. चालत नव्हते.

'चालताना'भोवतीचा गोल हा होता.

उभं असताना पायांवर येतो तो फक्त वजनाचा भार. चालताना शरीर दर पावलाला थोडं वर-खाली होतं, पाऊल टेकताना आणि रेटताना बल बदलत राहतं, शिवाय पाण्याचा अडथळा पुढून येतो तो वेगळाच. म्हणजे ६२ हा आकडा चुकीचा नाही, पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर आहे तो प्रश्न मी विचारलेला नव्हता. दुखऱ्या पायाचा कुत्रा तर भार आधीच दुसरीकडे सरकवून उभा असतो. त्याच पेपरमध्ये आणखी एक गोष्ट आहे जी क्वचित कोणी उद्धृत करतं: पाणी खुब्यापर्यंत आलं तेव्हा उरलेल्या भारातला पुढच्या पायांचा वाटा वाढला. मागच्या पायाच्या रुग्णासाठी ही चांगली बातमी. पण तुमच्या रुग्णाचं कोपर खराब असेल तर? कोपराचा डिसप्लेशिया लॅब्रॅडॉरमध्ये काही दुर्मीळ नाही.

पाण्याची दुसरी बाजू म्हणजे अडथळा. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे, आणि त्यातून पाय नेताना होणारा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. पट्ट्याचा वेग दुप्पट केला तर विरोध जवळपास चौपट. म्हणजे हाडासाठी जे हलकं, तेच स्नायूसाठी जड. 'पाण्यातला व्यायाम सोपा असतो' असं म्हणणाऱ्याला कमरेइतक्या पाण्यात नदी ओलांडायला सांगा. म्हणून सत्रं सुरुवातीला काही मिनिटांचीच ठेवतात, वेग कमी ठेवतात आणि पाणी कोमट. टाके भरलेले नसतील, उघडी जखम किंवा त्वचेचा संसर्ग असेल, जुलाब होत असतील किंवा हृदयविकार आटोक्यात नसेल तर कुत्र्याला पाण्यात घालत नाहीत. छातीपर्यंतचं पाणी छातीवर सगळीकडून दाब देतं, त्यामुळे श्वासाचा त्रास असणाऱ्यांबाबतही फार सांभाळून.

मग ट्रेडमिल कशाला, सरळ पोहू द्या की! असं वाटणं साहजिक आहे. मार्सोले आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये १३ निरोगी आणि लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेले ७ कुत्रे घेऊन पोहणं आणि चालणं यांतली सांध्यांची हालचाल मोजली. पोहताना गुडघा आणि घोटा यांची हालचाल चालण्यापेक्षा जास्त झाली. पण ती मुख्यतः वाकण्याच्या दिशेने. लंगडणाऱ्या कुत्र्याला बहुधा सरळ होण्याची हालचाल हवी असते, कारण गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर लंगडणं मागे राहतं. शिवाय कुत्रे पोहताना बरंचसं काम पुढच्या पायांनी भागवतात, मागचा दुखरा पाय नुसता ओढला जातोय हे वरून बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. ट्रेडमिलवर पाऊल टेकावंच लागतं, आणि काचेतून ते दिसतं. तेव्हा 'हालचाल वाढली' असं वाक्य कुठेही वाचलंत तर लगेच विचारा: कुठल्या दिशेने?

दुसरा गोल

हा जास्त अवघड आहे, आणि माझ्या मते तुमच्यापैकी निम्म्यांचं प्रपोजल इथेच अडकेल.

'भार कमी होतो, त्यामुळे उपचार उपयुक्त ठरतो.' पहिला भाग यंत्रणेबद्दल आहे: पाणी काय करतं. दुसरा परिणामाबद्दल: कुत्रा अधिक चांगला, अधिक लवकर बरा होतो का. यंत्रणा कितीही नेमकी मोजलीत तरी परिणाम त्यातून आपोआप निघत नाही. तो वेगळा मोजावा लागतो, आणि कशाच्या तुलनेत तेही सांगावं लागतं.

परिणाम मोजणारे पेपर आहेत. मार्सोले यांचाच २००२ चा पेपर बघा. लिगामेंट शस्त्रक्रिया झालेले ५१ कुत्रे, त्यातल्या २५ जणांना पुनर्वसन, २६ जणांच्या हालचालीवर बंधन. सहा महिन्यांनी फोर्स प्लेटवर मोजलं. कुत्रा जमिनीत बसवलेल्या एका पाटीवरून चालतो आणि ती प्रत्येक पायाचं बल नोंदवते, त्यात कोणाच्या मताला जागा नाही. पुनर्वसनाच्या गटाने पायावर जास्त भार घेतला. निकाल भक्कम आहे. पण पुनर्वसनात होतं काय? मसाज, सांधा हाताने हलवणं, चालणं आणि पोहणं. आणि समोर होती विश्रांती. म्हणजे या अभ्यासाने 'हे सगळं मिळून की नुसता आराम' या प्रश्नाचं उत्तर दिलं. 'पाणी की जमीन' हा प्रश्न त्याने विचारलाच नव्हता. तरीही हायड्रोथेरपीच्या बाजूचा पुरावा म्हणून हा पेपर पुढे करण्याचा मोह होतो. माझ्या मसुद्यात मीही केला होता.

दुसरा, संधिवाताचा. थायलंडमधल्या चियांग माईच्या गटाचा २०१४ चा अभ्यास. ५५ कुत्रे, तीन गट: संधिवात असलेले आणि पोहणारे २२, निरोगी आणि पोहणारे १८, निरोगी आणि न पोहणारे १५. आठ आठवड्यांनी संधिवातवाल्यांमध्ये सुधारणा दिसली. आता एक मिनिट वाचणं थांबवा आणि स्वतः शोधा: कुठला गट नाही?

संधिवात आहे पण पोहत नाही, असा.

ही जागा रिकामी राहिली की काय होतं ते समजून घ्या. संधिवात सतत एकसारखा दुखत नाही, चढ-उतार असतात. मालक कुत्र्याला दवाखान्यात कधी आणतो? दुखणं सगळ्यात वाढलेलं असतं तेव्हा. मग आठ आठवड्यांनी मोजलं तर काहीही न करता बऱ्याच जणांचं थोडं कमी झालेलं असणार. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात, आपली आजी याला 'चार दिवसांनी आपोआप बरं वाटतं' म्हणते. पोहण्याचा गुण किती आणि चार दिवसांचा किती, हे वेगळं करायला तो चौथा गट लागतो. पोहण्याने गुण आला नाही असं मी म्हणत नाहीये. या रचनेतून ते वेगळं काढता येत नाही, एवढंच.

यात आणखी भर म्हणजे बघणाऱ्याचे डोळे. २००२ च्या आणि २००३ च्या त्या पेपरांवर कोन्झेमियस हे एक नाव आहे. त्यांनीच इव्हान्स यांच्यासोबत २०१२ मध्ये एक फार उपयोगी काम केलं. संधिवाताच्या एका औषध-चाचणीत ज्या ५८ कुत्र्यांना औषधाच्या नावाखाली प्लासिबो दिला होता, तेवढेच घेतले. मालक काय म्हणतात, डॉक्टर काय म्हणतात आणि फोर्स प्लेट काय म्हणते, यांची तुलना केली. फोर्स प्लेटवर सुधारणा नसताना 'सुधारणा आहे' असं वाटण्याचं प्रमाण, कोण आणि कसं बघतंय त्यानुसार, दहापैकी साधारण चार ते सहा होतं. आणि यात डॉक्टरही आले, नुसते प्रेमळ मालक नव्हेत. ही तर गोळी होती. आठवड्यातून दोनदा गाडी काढून, पैसे भरून, टॉवेल घेऊन, काचेपलीकडे चमचा धरून उभ्या राहिलेल्या माणसाला फरक दिसणार नाही तर काय? म्हणून 'मालकांनी भरलेली प्रश्नावली' हेच एकमेव माप असलेला अभ्यास हातात आला की तो जरा लांब धरूनच वाचा.

आणि वजन विसरू नका. लठ्ठ, संधिवात असलेल्या कुत्र्यांचं वजन नुसतं सहा टक्क्यांच्या आसपास घटलं तरी लंगडणं मोजण्याइतकं कमी होतं, हे २०१० मध्ये मार्शल आणि सहकाऱ्यांनी दाखवलंय. हायड्रोथेरपीला येणाऱ्या कुत्र्याला पहिल्याच दिवशी काय सांगतात? 'बिस्किटं बंद.' मग बरं वाटलं ते पाण्याने की बिस्किटं बंद केल्याने?

मग अभ्यास करायचा कसा

मी तीन आठवड्यांनी जे घेऊन गेले ते सांगते. ते परिपूर्ण नाही, पण त्यामागची कारणं बघा.

तुलना विश्रांतीशी नको. एका गटाला पाण्यातली ट्रेडमिल, दुसऱ्याला तेवढाच वेळ, तेवढीच सत्रं, पण जमिनीवरचा नियंत्रित चालण्याचा व्यायाम. आहार आणि वेदनाशामक दोन्हीकडे सारखे आणि नोंदवलेले. कोणता कुत्रा कुठे हे चिठ्ठीने ठरवायचं. यात एक नैतिक सोयही आहे: कोणालाच उपचाराविना ठेवावं लागत नाही. आपल्याकडे प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या नीतिसमितीसमोर जायचं असेल तर 'अर्ध्या कुत्र्यांना काहीच देणार नाही' हे वाक्य घेऊन जाऊ नका, पहिला प्रश्न त्यावरच येईल.

मोजणाऱ्याला कुत्रा कोणत्या गटातला हे कळता कामा नये. हे ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या कच्च्या आराखड्यात मी सत्र संपल्यावर लगेच मोजमाप ठेवलं होतं. लॅबमधल्या सीनियर ताई म्हणाल्या, 'अगं, कुत्रा ओला असणार ना!' तेव्हा मोजमाप दुसऱ्या दिवशी, आणि दुसऱ्या माणसाकडून. याचं एक शास्त्रीय कारणही आहे. कोपराच्या डिसप्लेशियाच्या लॅब्रॅडॉरमध्ये एकाच सत्रानंतर पावलाची लांबी आणि सांध्याची हालचाल वाढते, असं प्रेस्टन आणि विल्स यांनी २०१८ मध्ये दाखवलं. म्हणजे सत्रानंतर लगेच मोजलंत तर तात्पुरता मोकळेपणा आणि खरी प्रगती एकत्र होतील.

राहिला सँपल साइज. सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक ढोबळ सूत्र पाठ करून टाका: प्रत्येक गटात लागणारी संख्या म्हणजे १६ भागिले अपेक्षित फरकाचा वर्ग, फरक प्रमाण विचलनाच्या पटीत धरून. हे ८० टक्के पॉवर आणि ५ टक्के पातळीसाठी. फरक एक प्रमाण विचलनाएवढा अपेक्षित असेल तर गटात १६ कुत्रे पुरतात. अर्ध्याएवढा असेल तर ६४. या क्षेत्रात टीपीएलओनंतरच्या फिजिओथेरपीवरचा एक नेहमी उद्धृत होणारा २००६ चा अभ्यास एकूण आठ कुत्र्यांवरचा आहे. एवढ्या संख्येत फारच मोठा फरक असेल तरच तो पकडता येतो, आणि 'फरक आढळला नाही' याचा अर्थ 'फरक नाही' असा कधीच घेता येत नाही. आता पाणी विरुद्ध विश्रांती यांतला फरक मोठा असेल, पण पाणी विरुद्ध चांगला जमिनीवरचा व्यायाम यांतला लहानच असणार. म्हणजे तुलना जितकी प्रामाणिक, तितके कुत्रे जास्त लागणार. माझं प्रपोजल एका केंद्राच्या आवाक्याबाहेर गेलं ते इथेच.

या सगळ्या काळात एक मालक आठवड्यातून दोनदा भेटायचे. निवृत्त गृहस्थ, चौदा वर्षांची स्पिट्झ, दोन्ही खुबे खराब. त्यांनी एकदा सरळ विचारलं, 'तुम्ही यावर संशोधन करता ना? मग सांगा, याने खरंच फरक पडतो का? माझे पेन्शनचे पैसे आहेत हो.' मी भार, प्लावक बल वगैरे सुरू केलं आणि अर्ध्यावर थांबले. मग जेवढं माहीत होतं तेवढंच सांगितलं: काका, पाण्यात तिला चालणं सोपं जातं हे नक्की. शिस्तीत व्यायाम मिळाला तर नुसत्या आरामापेक्षा बरं, हेही बऱ्यापैकी नक्की. तोच व्यायाम तुम्ही घरी जमिनीवर, चटईवर, हळूहळू करून घेतलात आणि वजन उतरवलंत तर पाण्याइतकाच गुण येईल का, हे अजून कोणी नीट मोजलेलं मला सापडलं नाही. त्यांनी विचार केला आणि आठवड्यातून एकदाच यायचं ठरवलं. बाकीच्या दिवसांचा घरचा व्यायाम मी त्यांना वहीत लिहून दिला.

प्रपोजलमधलं ते वाक्य आता असं आहे: 'निरोगी कुत्रे खुब्यापर्यंतच्या पाण्यात उभे असताना जमिनीवरचा उभा भार ६२ टक्क्यांनी घटतो; शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांमध्ये, तेवढ्याच कालावधीच्या जमिनीवरील व्यायामाच्या तुलनेत, पाण्यातील व्यायामाने सहा महिन्यांनंतर पायावर घेतलेला भार वाढतो का, हे या अभ्यासात तपासले जाईल.' गाईडनी या वेळी गोल केला नाही. फक्त 'सहा महिन्यांनंतर'च्या खाली रेघ मारून विचारलं, 'तोवर किती मालक येत राहतील?'